उंबरापासून अकरा साखळ्या

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा दरबारच्या जमीन मोजणी खात्यात होतो. तेहतीस फुटी लोखंडी साखळी, ती ओढायला दोन माणसं आणि काखेत कागदांचं बाड, एवढा आमचा संसार. शिरोळच्या काळ्या रानापासून आजऱ्याच्या भातखाचरांपर्यंत मी ती साखळी फिरवली. कामात मी काटेकोर होतो आणि राग माझ्या नाकावर असे. बांधावर न जाता झाडाखाली बसून माप लिहिणाऱ्या माणसाची मी भर कचेरीत अब्रू काढत असे. त्यामुळे मला मान होता, पण माझ्याशेजारी बसून कुणी डबा खात नसे.

माझी थोरली लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना तिच्या डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पाय बारीक राहिला. चालताना ती डावा हात गुडघ्याच्या वर दाबून धरी आणि मग पाऊल टाकी. वैद्य झाले, इस्पितळातले डॉक्टर झाले, मालिशवाले झाले. तापाच्या दिवसांत माझ्या बायकोनं जोतिबाला नवस बोलला होता. पोर उभी राहिली तर पाच खेटे घालीन आणि तिच्याच पायांनी तिला डोंगर चढवीन.

कोल्हापूरच्या माणसाला खेटे सांगायला नकोत, पण परगावच्या वाचकासाठी सांगतो. माघात सुरू करून ओळीनं पाच रविवार अनवाणी जोतिबाच्या डोंगरावर जायचं, याला खेटे घालणं म्हणतात. जोतिबा रुसून उत्तरेकडं निघाला, तेव्हा त्याची समजूत काढायला खुद्द अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत गेली, अशी कथा आहे. बायको ही गोष्ट लेकीला झोपताना सांगायची. देवीलासुद्धा चालणं चुकलं नाही, हे तिचं ठरलेलं शेवटचं वाक्य असे.

माझा देवाशी फारसा संबंध नव्हता. भांडणही नव्हतं. तो माझ्या मोजणीत बसत नव्हता इतकंच. पण त्या वर्षी नवस फेडायचं ठरलं आणि दिवाळीच्या सुमाराला बायकोला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. माघापर्यंत तिला सातवा लागणार होता.

"अवो, आता तुमीच जावा तिला घेऊन," ती म्हणाली.

"पुढल्या वर्षी जाऊ की. देव काय पळून जातोय?"

"देव न्हाय पळत. तिचं वय पळतंय. आत्ता चालली न्हाय तर उद्या म्हणंल, मला न्हाय जमत. मग जलमभर तेच म्हणंल."

नवसाचा अर्थ बायकोनं माझ्यापेक्षा सरळ लावला होता. लेक बरी होईल की नाही, हा तिचा प्रश्न उरला नव्हता. लेकीनं स्वतःला पांगळी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं तयारीला लागलो. सरकारी साखळी घरी आणता येत नाही, म्हणून बाजारातून काथ्याची दोरी आणली आणि तेहतीस फूट मोजून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. रविवारी सकाळी लेकीला घेऊन रंकाळ्याच्या तळ्यावर गेलो. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. "तू पुढं जायचं. दोरी ताणली की थांबायचं. मग मी येतो. ही झाली एक साखळी."

पहिल्या दिवशी सहा साखळ्यांवर तिचा पाय थरथरू लागला. मी सहाचा आकडा वहीत लिहिला आणि तिला उचलून घरी आणलं. पुढच्या रविवारी सातच झाल्या. मला वाटलं होतं दहा होतील. माझा चेहरा पडलेला तिनं पाहिला असावा, कारण तिसऱ्या रविवारी ती दोरी धरायलाच तयार होईना.

आमच्या बोळात एक पिंजारी राहत असे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आणि बैलगाडी होती ती रविवारी भाड्यानं हाकायची. त्याची लेक आमच्या लेकीहून वर्षानं मोठी आणि तोंडानं चार वर्षांनी. त्या रविवारी ती आमच्या मागं लागली. तिनं दोरीचं टोक स्वतःच धरलं आणि आमच्या लेकीला म्हणाली, "तू माझ्या पुढं चाल. मी तुला पकडते."

त्या दिवशी माझी मोजणी कोलमडली. पोरी शेवाळलेल्या दगडापाशी थांबल्या. खंड्यानं पाण्यात सूर मारला तर तो मासा घेऊन येईपर्यंत थांबल्या. मुंग्यांची रांग कुठं जाते ते पाहायला दहा पावलं मागं गेल्या. एका साखळीला कधी पाच मिनिटं लागली, कधी अर्धा तास. मी दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडायच्या आत लक्षात आलं की चौदा साखळ्या झाल्यात आणि लेकीनं पायाचं नावही काढलेलं नाही.

तेव्हापासून लहान पोरांबरोबर चालण्याविषयी माझं एक मत बनलं आणि ते आजवर बदललेलं नाही. मोठी माणसं कुठंतरी पोचायला चालतात. पोरं जिथं असतात तिथंच चालतात. त्यांना वरचं देऊळ दाखवून उपयोग नसतो, पुढच्या वळणावरची बोर दाखवावी. आणि "दमलीस का?" असं कधी विचारू नये. विचारलं की ती दमतात.

त्या थंडीत आम्ही कोल्हापूरच्या आसपासच्या साऱ्या वाटा धुंडाळल्या. टेंबलाईची टेकडी झाली. कात्यायनीच्या डोंगराखालची झाडी झाली. पंचगंगेच्या काठानं शेतांतून जाणारी पायवाट तर आमची रोजची झाली. पोरींच्या ओच्यात हरभऱ्याचे डहाळे असत. गुऱ्हाळावर थांबलो की कुणीतरी म्हणे, "या पावणं, काकवी घ्या," आणि पोरी हात कोपरापर्यंत चिकट करून घेत. एकदा दरबारच्या शिकारखान्यातला चित्ता गाडीतून चालला होता, डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेली. पिंजाऱ्याची लेक बैलाच्या आड लपली. आमची तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, त्याला दिसत न्हाय तरी तो भीत न्हाय." मी नुसता हुं म्हणालो. बापाला पुष्कळ गोष्टी उशिरा कळतात.

माघ लागला. चालत डोंगरापर्यंत जाणं पोरीला झेपणारं नव्हतं. नवस डोंगर चढायचा होता, म्हणून कुशिऱ्यावरून गायमुखाच्या झऱ्यापर्यंत पिंजाऱ्याची गाडी आणि तिथून पायी, असं ठरलं. पहाटे पंचगंगेचा पूल ओलांडायचा, वडणगे गाव मागं टाकायचं, आणि ऊन चढायच्या आत पायथ्याला लागायचं. पिंजारी गायमुखाशी बैल सोडून बसे आणि आम्ही तिघं वर जात असू. अनवाणी चालायची सवय फक्त पिंजाऱ्याच्या लेकीला होती. माझ्या तळव्यांची तर पहिल्याच रविवारी चाळण झाली.

खेट्यांच्या गर्दीत दोरी धरणं शक्य नव्हतं. मग मी पावलं मोजू लागलो. माझी तेरा पावलं म्हणजे एक साखळी. चालताना ओठातल्या ओठात मोजायची मला खोडच आहे, अजून आहे. लेकीनं तिचं माप काढलं. तिची तीस पावलं झाली की ती एक बोट मिटत असे.

पहिला खेटा झाला. दुसरा झाला. वाटेवर लोक "चांगभलं" म्हणत पुढं जात आणि गुडघ्यावर हात दाबून चढणाऱ्या पोरीकडं वळून बघत. एक म्हातारी थांबून म्हणाली, "आगं बाई, लेकराला कशापायी चालवतासा? उचला की." माझ्या आधी पिंजाऱ्याची लेक बोलली, "तिला येतंय. तुमी व्हा फुडं." तिसऱ्या रविवारी आमच्या लेकीनं तर शेवटच्या पायऱ्या दोघींच्या शर्यतीत चढल्या. हरली, पण चढली. घरी आल्यावर बायको दारात भाकरतुकडा ओवाळून टाकी, लेकीच्या पायावर पाणी घाली, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारी.

"चढली?"

"चढली."

चौथ्या रविवारी पिंजाऱ्याच्या लेकीचे डोळे आले होते, म्हणून ती आली नाही. पुलाजवळ गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली आणि ती बसवण्यात दोन तास गेले. गायमुखावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. घरी बायकोच्या कंबरेत आदल्या दिवसापासून कळ होती आणि माझं अर्धं चित्त तिकडं होतं. वाटेत बोर दाखवायची मला आठवण राहिली नाही. मी नुसता "चल, चल" म्हणत होतो.

वरच्या अंगाला, देऊळ जवळ आल्यावर, वाटेच्या कडेला एक उंबर होता. तिथं लेक बसली. माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि झोपली. मी थोडा वेळ थांबलो. मग उन्हाकडं पाहिलं, बायकोची कळ आठवली, आणि मनात हिशेब केला. सगळा डोंगर तर तिनं चढलाच आहे, एवढ्याशानं काय होतंय? मी तिला खांद्यावर घेतलं आणि निघालो. वळणापाशी मला वाटलं की तिचे डोळे उघडलेत. पाहिलं तर घट्ट मिटलेले होते.

देवळाच्या दरवाजाशी तिला खाली उभं केलं. दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला. परतताना उतरणीला नेहमीच मी तिला खांद्यावर घेत असे, तसं घेतलं.

दारात बायको भाकरतुकडा घेऊन उभी होती.

"चढली?"

"चढली."

"सगळा?"

हे तिनं आधी कधी विचारलं नव्हतं. आज उशीर झाला म्हणून तिनं सहज विचारलं असेल. पण चोराच्या मनात चांदणं. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "सगळा."

बायकोनं लेकीकडं पाहिलं. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मग ती आईला म्हणाली, "व्हय. सगळा."

मी आयुष्यात पुष्कळ टोचणाऱ्या गोष्टी ऐकल्यात आणि ऐकवल्याही आहेत. पण ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात. पोर जागी होती. तिला सगळं ठाऊक होतं. आणि बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून ती सहा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली होती. मला तेव्हा तिथंच सांगता आलं असतं. बायको आनंदानं तिच्या पायावर पाणी घालत होती, आणि मी आत जाऊन पगडी खुंटीला लावली.

तो आठवडा वाईट गेला. संध्याकाळी मी दोरी काढली तर लेक म्हणाली, "आज नगं." रोज नगं. गुरुवारी कचेरीत एका कारकुनानं जागेवर न जाता विहिरीचं माप लिहिलेलं सापडलं. मी सवयीनं आवाज चढवला. "डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते कागदावर—" एवढं म्हटलं आणि मला तो उंबर आठवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कारकून पुढच्या शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. मी कागद त्याच्याकडं सरकवला आणि परत मोजून आण म्हणालो.

शनिवारी झोपताना बायकोनं पुन्हा अंबाबाईची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर लेकीनं विचारलं, "आई, अंबाबाई दमली तवा तिला कुणी उचललं व्हतं?"

"तिला कोण उचलणार गं? ती चालतच गेली."

मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. मला झोप लागली नाही.

पाचवा रविवार. पिंजाऱ्याच्या लेकीचे डोळे बरे झाले होते आणि आठवडाभर कोंडलेलं तिचं तोंड सुटलं होतं. खालच्या रानात पळस फुलायला लागला होता. पोरींनी बोरी झाडल्या, ओचे भरले, टिटवी कुणावर ओरडते यावर भांडल्या. मी मागून चाललो होतो. "चल" हा शब्द मी एकदाही काढला नाही. उंबर आला. लेक त्याच्याकडं न पाहता पुढं गेली. आम्ही दरवाजाशी पोचलो. पाचवा खेटा झाला, आणि मला वाटलं, सुटलो.

मी आत वळलो. ती वळली नाही.

"काय गं?"

"मी जाऊन येते."

"कुठं?"

"उंबरापातुर."

"कशाला?"

"तितनं तुमी मला उचलून आणलंसा. ते राहिलंय."

अगं, आजचा झाला ना पुरा, असं काहीतरी मी पुटपुटलो. आजचा आजचा हाय, ती म्हणाली. मग मी तिच्याबरोबर निघालो, तर तिनं हात आडवा केला.

"तुमी हितंच बसा. तुमी आलासा की मोजता."

तेव्हा समजलं. त्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन चाललो होतो, तेव्हाही माझे ओठ सवयीनं चालूच होते. तेरा पावलं, एक. तेरा पावलं, दोन. मिटल्या डोळ्यांनी तिनं माझं मोजणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. मी किती साखळ्यांचं खोटं बोललो, ते तिला नेमकं ठाऊक होतं.

मी दरवाजाबाहेरच्या दगडावर बसलो. ती गर्दीच्या उलट दिशेनं उतरत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तो ताप आल्यापासून ती घराबाहेर आमच्या नजरेआड एकटी कधी गेली नव्हती. वर येणारे लोक माझ्या अंगावरून जात होते. मी दर माणसाच्या पायांमागं तिचे पाय शोधत होतो. पडली असेल. बसली असेल. कुणी दयाळू माणूस तिला उचलून घेऊन येत असेल आणि ती रडत असेल. दोनदा मी उठलो. दुसऱ्यांदा पिंजाऱ्याच्या लेकीनं माझं धोतर धरलं. ती शेजारी बोरं खात बसली होती.

"बसा की मामा. येईल ती. तिला माप म्हाईत हाय."

मी बसलो. हात जोडले की नाही ते आठवत नाही. पण तेवढाच वेळ माझ्या आयुष्यात मी काही मोजलं नाही.

मग ती वळणावर दिसली. डावा हात गुडघ्यावर, उजवी मूठ मिटलेली. एकजण तिला हात द्यायला वाकला, तिनं नकाराची मान हलवली. ओठ हलत होते, अगदी माझ्यासारखे. शेवटच्या पायरीवर ती माझ्यासमोर येऊन थांबली, घामानं चिंब. उजवी मूठ उघडली. आत एक बोर होतं.

"या हाताची बोटं दोनदा मिटली, धा झाली, आनी वर हे एक. अकरा."

"अकराच," मी म्हणालो. "बरोबर आहे."

"आता मी आईला सांगितलं ते खोटं न्हाय," ती म्हणाली, आणि ते बोर तोंडात टाकलं.

दर्शन घेऊन आम्ही उतरलो. खाली पिंजारी बैलांना पाणी दाखवून खोळंबला होता. एवढा उशीर का, त्यानं विचारलं. त्याच्या लेकीनं सगळं सांगितलं, माझ्या धोतरासकट. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी जुंपली. वडणग्यापाशी बैलांकडं बघतच म्हणाला, "मोजणीदार, पोरगी खात्यात घ्या तुमच्या."

मी हसलो नाही. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला वाटलं झोपली. पूल आला तेव्हा तिनं डोळे न उघडता विचारलं, "आबा, माझं झालं. तुमचं?"

"माझं काय?"

"तुमी बी सांगितलंसा की आईला. माझ्या आदी."

दारात बायको उभी होती. पोट पुढं आलेलं, एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. पाचवा खेटा पुरा होणार म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"चढली?"

"आज चढली. सगळा." लेक माझ्याकडं बघत होती. "गेल्या रविवारी नव्हती चढली. उंबरापासून वर मी तिला उचलून नेलं. अकरा साखळ्या. तुला खोटं सांगितलं. तिनं सांगितलं ते माझ्यामुळं. आज ती तेवढा तुकडा परत चढून आली, एकटी."

मला वाटलं होतं ती म्हणेल, मला ठाऊकच होतं. बायकांना अशा गोष्टी कळतात, असं आपण धरून चालतो.

"मला ठाऊक न्हवतं," ती म्हणाली. "तुमी सांगितलंसा म्हंजे माप झालं, असंच समजून चाललेली मी."

तिनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिच्या पायांवर पाणी घातलं, बारीक पायावर जास्त वेळ, अंगठ्याच्या बेचक्यातली धूळ बोटानं काढत. सातव्या महिन्यात वाकणं तिला जड जात होतं. मग तिनं तांब्यात डोकावून पाहिलं.

लेकीचा पाय पुढंही बारीकच राहिला. आज तिची पोरं तिच्याबरोबर डोंगर चढतात, ती गुडघ्यावर हात दाबून त्यांच्या पुढं असते आणि त्यांना बोरी दाखवते. तिनं "मला जमत नाही" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मात्र मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, आत यावं की नाही ते न कळून. बायको म्हणाली, "पाय फुडं करा." आणि तांब्यात उरलेलं पाणी तिनं माझ्या पायांवर ओतलं.